पुस्तकातलं इंजिन

बाई: शिक्का कुठे आहे?

मिस्त्री: शिक्का काय बघताय, वजन बघा. हातात तरी घेऊन बघा एकदा.

बाई: वजनावर घ्यायला मी भंगारवाली नाही. कन्व्हर्टरच्या पोटावर मान्यतेचा नंबर ठोकलेला असतो, हे मागच्या आठवड्यात तूच मला सांगितलंस. ह्याचं पोट कोरं आहे.

मिस्त्री: आतली जाळी एकदम झकास आहे, बाई. विषारी धूर आत गेला की जळून साफ. उद्या तपासणीवाला मागून नळी लावेल, आकडा खाली राहील, पास.

बाई: आणि तो गाडीखाली वाकला तर?

मिस्त्री: तो कुठला वाकतोय. त्याचं पोट बघितलंय ना तुम्ही.

बाई: मला हसवू नकोस. उद्या दहा वाजता तिसरी तपासणी आहे. आधी दोनदा गाडी नापास झालीय. उद्या झाली की ह्या गाडीवर शिकवायचा परवाना रद्द. माझी शाळा म्हणजे काय? ही एक गाडी आणि शेजारच्या सीटवर मी. गाडी गेली की मी नुसती एक बाई, सीटवर बसलेली. सीट पण नाही.

मिस्त्री: होईल पास. मी आहे ना.

बाई: तू होतासच की दोन्ही वेळा. पहिल्यांदा नापास झाली ती जुना कन्व्हर्टरचा डबा मेला म्हणून. ते मला पटलं. मग तू नवा घातलास. शिक्क्याचा, गाडीच्या पुस्तकातला नंबर बघून, अगदी कायदेशीर. तरी नापास. का?

मिस्त्री: होतं कधीकधी. माल खराब निघतो.

बाई: मग तोच बदलून आण. कोरा कशाला?

मिस्त्री: उद्यापर्यंत दुसरा यायचा नाही.

बाई: दुकानात विचारलंस?

मिस्त्री: विचारायचं काय त्यात.

बाई: फोन लाव.

मिस्त्री: तो जेवायला गेला असेल.

बाई: चार वाजता?

मिस्त्री: त्याचं जेवण जरा उशिरा असतं.

बाई: हे बघ. दोन वर्षांपूर्वी हे गेले. तेव्हापासून ह्या गाडीचं सगळं मी तुझ्यावर टाकलंय. तू म्हणशील ते तेल, तू म्हणशील ते टायर. एकदाही उलटून विचारलं नाही. आज विचारतेय, तर तू माझ्या डोळ्यांकडे न बघता त्या पान्याकडे बघून बोलतोयस. फोन लाव, नाहीतर नंबर सांग, मी लावते.

मिस्त्री: लावतो. लावतो की.

बाई: स्पीकरवर.

दुकानदार: बोला मिस्त्री. काय हवंय?

बाई: मिस्त्री नाही, मी गाडीची मालकीण बोलतेय. ड्रायव्हिंग शाळेची. मागच्या आठवड्यात तुमच्याकडून कन्व्हर्टर नेला होता. शिक्क्याचा आहे, नवा आहे, तरी गाडी नापास झाली. माल खराब होता असं मिस्त्री म्हणतो.

दुकानदार: माझा माल? ताई, मी पावतीवर वॉरंटी लिहून देतो. थांबा, बघतो. हां. अकरा नंबरचं इंजिन, त्या मापाचा डबा. बरोबर दिलाय. हा नंबर कुठून आणला होता?

बाई: गाडीच्या पुस्तकातून.

दुकानदार: पुस्तक बाजूला ठेवा. इंजिनवर काय ठोकलंय ते वाचा.

बाई: दोन्ही एकच असणार ना?

दुकानदार: असायला हवं. पण बरोबर डबा घालून गाडी नापास झाली, तर दहातल्या नऊ वेळा डब्याचा दोष नसतो. इंजिन दुसरं निघतं. मिस्त्रींना माहितीये हे. मिस्त्री, वाचा की.

मिस्त्री: वाचता येत नाही. इंचभर काजळी बसलीय.

बाई: तारेचा ब्रश दे.

मिस्त्री: इंजिन तापलंय, हात भाजेल.

बाई: गाडी सकाळपासून उभी आहे. ब्रश दे. आणि उजेडाला ती बॅटरी.

मिस्त्री: बाई, साडी खराब होईल.

बाई: होऊ दे. कुठे असतो नंबर? इथे, ह्या कडेला? गप्प बसलास म्हणजे इथेच. दुकानदार, आहात का?

दुकानदार: आहे, आहे. सावकाश.

बाई: एक आणि... हा एक. पुढचा आकडा अजून धड दिसत नाही. थांबा. चार. एक आणि चार.

दुकानदार: चौदा. पुन्हा बघा.

बाई: चौदाच आहे.

दुकानदार: मग झालं की उत्तर. ताई, ते तुमच्या गाडीचं इंजिनच नाही. पुढच्या मॉडेलचं आहे. त्याचा डबा मोठा, जाळी वेगळी. अकराची जाळी त्याला पुरायची नाही. चौदाचा एक आहे माझ्याकडे, शिक्क्याचा. बाजूला काढून ठेवू?

बाई: मी पुन्हा फोन करते.

दुकानदार: एक सांगून ठेवतो. चौदाचा घातलात तर डबा इंजिनाशी जुळेल, पण पुस्तकात अकरा आहे. तपासणीवाला पुस्तक उघडतोच. आधी नोंद बदलायला लागेल. सहापर्यंत आहे मी.

बाई: ठेवला त्याने. आता तू बोल. माझं इंजिन कुठे आहे?

मिस्त्री: बाई, बसा जरा. पाणी आणतो.

बाई: पाणी नको. इंजिन.

मिस्त्री: जुनी गोष्ट आहे.

बाई: म्हणजे तुला माहीत होतं. विकलंस?

मिस्त्री: चोर म्हणा मला. चालेल.

बाई: चालेल म्हणजे? नाहीस?

मिस्त्री: चोर म्हणालात तर बरं होईल, एवढंच म्हणतोय. त्यावर आपण थांबू.

बाई: तुला मी गाडी शिकवली. इंजिन उघडता यायचं, पण पायाखाली क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे तुला कळत नव्हतं. माझ्या पहिल्या चार पोरांतला तू. हे गेले तेव्हा खांदा द्यायला होतास. मी लोकांना सांगते, मिस्त्री माझा घरचा आहे. आणि घरच्याने माझं इंजिन काढून भंगारातलं घातलं?

मिस्त्री: भंगारातलं नव्हतं. अपघातातल्या गाडीचं होतं, पण इंजिन निरोगी. मी स्वतः निवडून आणलं.

बाई: उपकार झाले. उद्या दहा वाजता तपासणीवाल्यासमोर मी हेच सांगणार. ह्या गॅरेजने मला न विचारता माझ्या गाडीचं इंजिन बदललं. मग तो आणि तू बघून घ्या.

मिस्त्री: सांगा. माझं नाव सांगा.

बाई: तुझं गॅरेज बंद करतील.

मिस्त्री: करू देत.

बाई: मूर्ख आहेस का? बायको आहे, दोन पोरी आहेत. कोणासाठी एवढं तोंड शिवून बसलायस?

मिस्त्री: शब्द दिलाय.

बाई: कोणाला?

मिस्त्री: जाऊ द्या ना, बाई.

बाई: कोणाला?

मिस्त्री: भाऊंना.

बाई: ह्यांना?

(बाई बॉनेट बंद करतात आणि पुन्हा उघडतात.)

बाई: ह्यांनी विकलं. माझ्या गाडीचं इंजिन. कशासाठी? कोणाला द्यायचं होतं काही? कोणी होतं का, मला माहीत नसलेलं?

मिस्त्री: नाही, नाही. भाऊंबद्दल तसलं काही मनात आणू नका. पाया पडतो.

बाई: मग काय आणू मनात? तूच सांग. अर्धं बोललास की माणूस उरलेलं स्वतः भरतं, आणि वाईटच भरतं.

मिस्त्री: तुमचं इंजिन विकण्यासारखं राहिलंच नव्हतं. जाम झालं होतं. अकरा वर्षांपूर्वी तुम्ही धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला गेला होतात ना, दहा दिवस? तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या सकाळी भाऊ गाडी ढकलत इथे आले. शेजारचे दोघं मागून ढकलत होते. चालू होईना म्हणाले. मी इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उघडलं. वाकलेलं. आत पाण्याचा टिपूस नाही. रेडिएटरची नळी फुटून सगळं वाहून गेलं होतं, आणि गाडी तशीच पळवलेली.

बाई: ह्यांनी पळवली.

मिस्त्री: भाऊ चालवायचे का कधी?

बाई: मग रात्रीत कोणी...

मिस्त्री: बाई, आदल्या संध्याकाळपर्यंत गाडी तुमच्याकडे होती.

बाई: खोटं आहे. माझ्या हातून आजवर एक इंजिन बिघडलेलं नाही. प्रत्येक पोराला मी पहिल्या दिवशी सांगते.

मिस्त्री: माहितीये. मलाही सांगितलं होतंत.

बाई: मग?

मिस्त्री: मला सांगितलंत तेव्हा ते खरं होतं.

बाई: तोंड सांभाळून बोल.

मिस्त्री: तुम्ही विचारलंत म्हणून बोललो. मी तर चोर व्हायला तयार होतो.

बाई: थांब. त्या संध्याकाळी शेवटचा तास कोणाचा होता? औषधांच्या दुकानातली मुलगी. बारीकशी. घाबरट. नाक्यावर उतारावरून येताना म्हणाली, "बाई, इथला काटा लाल झालाय." मला निघायचं होतं, सहाची बस पकडायची होती. बहिणीला कळा सुरू झाल्याचा निरोप आला होता. मी म्हटलं, "काट्याकडे नको, रस्त्याकडे बघ."

मिस्त्री: बाई.

बाई: बोलू दे. तीनदा म्हणाली ती. तिसऱ्यांदा मी ओरडले. रडत गाडी लावली तिने माझ्या दारात. मी बॅग उचलली आणि गेले. मला वाटलं, ही घाबरट आहे, हिला सगळंच लाल दिसतं.

मिस्त्री: भाऊंनी मला एवढंच सांगितलं, "ती यायच्या आत गाडी धावली पाहिजे, आणि तिला कळता कामा नये." नवव्या दिवशी गाडी दिली मी.

बाई: आल्यावर मी म्हटलं होतं, गाडी हलकी वाटतेय. तर म्हणाले, तेल बदललंय. आणि मी ह्यांचं कौतुक केलं. इंजिनातलं ओ की ठो न कळणारा माणूस, आपण होऊन तेल बदलून आणतो म्हणून.

मिस्त्री: तेलही बदललं होतं.

बाई: का लपवलं? मी काय खाल्लं असतं त्यांना?

मिस्त्री: शाळेला तेव्हा वर्ष पुरं व्हायचं होतं. तुमच्या सासूबाई काय म्हणायच्या, आठवतंय ना?

बाई: "आधी स्वतः नीट चालव, मग जगाला शिकव." दारात येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असं.

मिस्त्री: भाऊ म्हणाले, "हे घरात कळलं तर आईच्या हाती आयतं कोलीत. आणि हिला कळलं तर ही कोणी सांगायच्या आधीच पाटी उतरवेल."

बाई: उतरवली असती.

मिस्त्री: तेच म्हणाले ते.

बाई: नक्की उतरवली असती. दुसऱ्या दिवशी.

मिस्त्री: त्यानंतर किती पोरं शिकली तुमच्याकडे. हिशेब नाही.

बाई: आता गोड बोलू नकोस. राग येतोय मला. अकरा वर्षं मी टेबलावर हात आपटून सांगतेय, माझ्या हातून एक इंजिन गेलेलं नाही. आणि हे आतल्या खोलीत पेपर वाचत बसायचे. तू बाहेर चाक बदलायचास. तुम्हा दोघांना ठाऊक, आणि मी तोंड वर करून बोलतेय. हसत होतात का रे?

मिस्त्री: कधीच नाही. एकदा मी भाऊंना म्हटलं, सांगून टाकू या का आता? तर म्हणाले, "तिचा आवाज ऐक. हा आवाज त्या एका इंजिनावर उभा आहे. राहू दे."

बाई: असं म्हणाले?

मिस्त्री: ह्याच फळीवर बसून.

बाई: आणि मागच्या आठवड्यात तुला पक्कं माहीत होतं की आत चौदाचं इंजिन आहे. तरी अकराचा डबा घातलास.

मिस्त्री: वाटलं, धुराची मर्यादा कडक नव्हती तोवर अकराच्या जुन्या डब्यावर निभावलं, आता नवी जाळी आहे, निभावून नेईल. पुस्तकाशी जुळला असता, धुरातूनही सुटला असता. मग हा कोरा, चौदाच्या मापाचा पण बिननंबराचा, त्यासाठीच आणला. भाऊंचा शब्द राहिला असता.

बाई: शब्द राहिला आणि शाळा जायची वेळ आली.

मिस्त्री: चुकलं माझं. तिथे गाडी नापास झाली तेव्हा तुमचं तोंड बघवत नव्हतं.

बाई: आता काय ते बोल. घड्याळ थांबलेलं नाही.

मिस्त्री: एक वाट आहे. चौदाचा डबा आत्ता आणतो. त्याच्यावरची नंबराची पत्री काढतो आणि ह्या अकराच्या डब्याची पत्री त्याला ठोकतो. धूर पास, कारण डबा बरोबर. पुस्तक पास, कारण नंबर बरोबर. साडेदहाला तुम्ही मोकळ्या.

बाई: पत्रीला किती वेळ लागतो?

मिस्त्री: दहा मिनिटं.

बाई: दहा मिनिटं.

मिस्त्री: कोणाला कळणार नाही. धूर तर खरोखरच साफ असणार ना? कोणाचं वाईट करतोय आपण?

बाई: तेच बघतेय. कोणाचंच नाही.

मिस्त्री: जाऊ का मग आणायला?

बाई: थांब. कालपर्यंत मला माहीत नव्हतं. मी पोरांना जे सांगत होते ते चुकीचं होतं, पण मी खोटं बोलत नव्हते. उद्या दहा वाजता सगळं माहीत असून त्या माणसापुढे पुस्तक धरलं, आणि सोमवारी नव्या पोरांपुढे उभी राहिले, तर त्यांना काय सांगू? पुन्हा फोन लाव त्या दुकानदाराला.

मिस्त्री: बाई, विचार करा. नोंद बदलायला गेलात तर ते खोदून विचारतील.

बाई: लाव.

दुकानदार: बोला ताई. ठरलं?

बाई: चौदाचा माझ्या नावाने ठेवा. शिक्क्याचाच. आणि मला सांगा, इंजिनाची नोंद बदलायला काय लागतं?

दुकानदार: अर्ज. इंजिन कधी बदललं, का बदललं, कोणी बसवलं. उद्या तपासणीच्या आधी आरटीओच्या खिडकीवर दिलात तर तारीख पंधरा दिवस पुढे जाते. तोवर गाडी बाहेर काढायची नाही. मग साहेब ठरवतात.

बाई: काय ठरवतात?

दुकानदार: परवाना ठेवायचा की काढायचा. किती वर्षं झाली इंजिनाला?

बाई: अकरा.

दुकानदार: अकरा वर्षं नोंद नाही, आणि गाडी शिकवायची. ताई, खोटा धीर देत नाही. ठेवलेला पण बघितलाय मी, काढलेला पण बघितलाय.

बाई: बरं. सहाच्या आत मिस्त्री येईल डबा न्यायला.

मिस्त्री: ऐकलंत ना? काढलेला पण बघितलाय म्हणाला.

बाई: ऐकलं. भीती वाटतेय मला, सांगते तुला. माझं अक्षर नीट यायचं नाही. तू हात पूस, कोरा कागद घे आणि मी सांगते ते लिही.

मिस्त्री: अक्षर माझं कोंबडीच्या पायाचं.

बाई: वाचता आलं म्हणजे झालं. वर गाडीचा नंबर घाल. मग तारीख.

मिस्त्री: घातली. आता "इंजिन बदलण्याचे कारण". बाई, एक बोलू? भाऊंचं नाव घाला ना. गाडी त्यांनी आणली, ठरवलं त्यांनी. ते एका अर्थी खरंच आहे. गेलेल्या माणसाला कोण नोटीस धाडतंय? साहेबांनाही मग तुमच्याबद्दल जरा...

बाई: दया येईल.

मिस्त्री: तसं नाही म्हटलं मी.

बाई: तसंच म्हटलंस, आणि येईलही. पण नको. लिही. "पाणी संपून इंजिन जाम झाले. तशी खूण दिसत असताना अर्जदाराने गाडी थांबवली नाही."

मिस्त्री: चालवत तर ती मुलगी होती.

बाई: तिला थांबायचं होतं. ब्रेक माझ्याही पायाखाली होता. लिही.

मिस्त्री: "...थांबवली नाही." लिहिलं. "कोणी बसवले" इथे माझं नाव घालतो. गॅरेजच्या शिक्क्यासकट.

बाई: तुझ्यावर जबरदस्ती नाही.

मिस्त्री: घातलं पण. आता शेवटचं. नोंद इतकी वर्षं का केली नाही, हे ते विचारणारच. तिथे काय लिहू?

बाई: "अर्जदारास आज कळले."

मिस्त्री: एवढंच? आणि भाऊंनी लपवलं, ते?

बाई: ते नको लिहूस. त्यांच्याशी मी घरी जाऊन भांडते.